इंजेक्शन चालू आहे, तरी रक्त का वाढत नाही?



डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरी एक तक्रार हमखास ऐकू येते : एवढी इंजेक्शनं झाली, तरी रक्त काही वाढत नाही. ही इंजेक्शनं एरिथ्रोपोएटिनची. धडधाकट मूत्रपिंडं ते स्वतः तयार करतात. निकामी झाली की बाहेरून द्यावं लागतं. ते देऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर सीआरपी शेवटचं केव्हा तपासलं, हे आधी विचारा.

सीआरपी हे यकृतात बनणारं प्रथिन; शरीरात दाह असला की ते रक्तात वाढतं. न्यूयॉर्कच्या टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना ते 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. साध्या संसर्गात ते दोनेक दिवसांत खूप चढतं आणि आजार ओसरला की भराभर उतरतं. डायलिसिसच्या अनेक रुग्णांत मात्र ते महिनोन्‌महिने थोडं चढलेलंच राहतं. ताप नाही, दुखणं नाही, म्हणून कोणी विचारतही नाही. पण हा मंद दाह हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर बेततो. सीआरपी चढलेल्या रुग्णांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त असतात, हे 1999 मध्ये जर्मनीतल्या अभ्यासाने दाखवलं.

दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते साठवणीतल्या लोहाला कुलूप घालतं. रिपोर्टात लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन भरपूर दिसतं. अस्थिमज्जेला मात्र रक्त बनवायला लोह मिळत नाही. तिकडे रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरतं. इथे घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. अल्ब्युमिन कमी आलं म्हणून ‘तुम्ही नीट जेवतच नाही’ असं रुग्णाला बोलू नका. दाहात यकृत अल्ब्युमिन कमी बनवतं, आणि भूकही तोच मारतो.

मग हा दाह येतो कुठून? मानेत महिनोन्‌महिने राहिलेला कॅथेटर, हे पहिलं ठिकाण. हातातल्या रक्तवाहिन्या जोडून केला जाणारा फिस्ट्युला वेळेवर करून घ्या, असं डॉक्टर सांगतात त्यामागे हेही कारण आहे. किडलेले दात, सुजलेल्या हिरड्या, हातात तसाच राहिलेला बंद पडलेला कृत्रिम ग्राफ्ट, प्रत्यारोपणानंतर निकामी झालेलं मूत्रपिंड, हीही ठिकाणं तपासावी लागतात. शिवाय पाणी. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे 120 लिटर द्रव लागतो. त्या पाण्यात जंतूंचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, उरलं, तर त्याचे अंश डायलिसिसच्या पडद्यातून रक्तात उतरू शकतात. आपल्या केंद्रात पाण्याची जंतू आणि एंडोटॉक्सिनसाठी तपासणी केव्हा झाली, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.