गोडे तेल, कडू पाणी
(व्याख्यानाचा संक्षेप)



ज्या खनिज तेलात गंधक कमी, त्याला त्या व्यवसायात 'गोडे' तेल म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरातील गोड्या तेलाशी त्याचा संबंध नाही. हलके व गोडे तेल शुद्ध करणे सोपे आणि स्वस्त. जड व गंधकयुक्त तेलाला अवजड यंत्रसामग्री लागते. म्हणून ज्या प्रदेशाला गोडे तेल लाभले तो भाग्यवान, असा सर्वसाधारण समज आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांकडे पाहिले म्हणजे तो तपासून घ्यावासा वाटतो.

फेब्रुवारी 1974 मध्ये 'सागर सम्राट' जहाजाला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरवर तेल सापडले. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. तेल हलके आणि गोडे निघाले. त्याच्या नॅफ्थ्यात बेन्झिन व टोल्युइन यांचा अंश चांगला होता. ते वेगळे काढणारा विभाग 1985 साली माहुलच्या भारत पेट्रोलियममध्ये उभा राहिला. रंगांची आणि औषधांची कितीतरी रसायने याच द्रव्यांपासून तयार होतात, आणि तसली रसायने करणारे अनेक लहान कारखाने अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत आहेत.

म्हणजे समुद्रातील संपत्तीची साखळी या शहरांच्या दारापर्यंत पोहोचते. परंतु साखळीचे कोणते टोक त्यांच्या हाती आले? समुद्रातील तेलाचे स्वामित्वधन केंद्राकडे गेले, शुद्धीकरणाचा नफा मोठ्या कारखान्यांकडे राहिला. या शहरांच्या वाट्याला आले ते शेवटचे टोक: आम्ल, वाफ आणि सांडपाणी. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस वालधुनी नदीत घातक रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना श्वास कोंडून रुग्णालय गाठावे लागले.

नायजेरियाचे तेलही हलके व गोडेच आहे; तरीही नायजर नदीच्या मुखाशी राहणारे कोळी व शेतकरी तेलाने माखलेल्या पाण्याकाठी दारिद्र्यात राहिले. उलट कॅनडातील अल्बर्टा प्रांताचे तेल म्हणजे वाळूत रुतलेले डांबर. परंतु 1974 सालीच तेथील सरकारने त्यासाठी सार्वजनिक संशोधन प्राधिकरण स्थापले आणि वाफेच्या साहाय्याने ते काढण्याचे तंत्र सिद्ध केले. निसर्गाची हानी तेथेही झाली, हे नाकारता येणार नाही. मुद्दा एवढाच की, नवे ज्ञान तेलाच्या प्रतीतून आपोआप निपजत नाही. ते संस्थांतून निपजते. सोपे तेल तर पुष्कळदा संस्था उभारण्याची निकडच भासू देत नाही.

याची किंमत मुंबई हायलाही मोजावी लागली. तेल गोडे असले तरी ज्या चुनखडकात ते साठले आहे तो सरळ नाही. 1989 च्या सुमारास शिखर गाठलेले उत्पादन पुढे उतरत गेले. जानेवारी 2025 मध्ये ते वाढविण्यासाठी 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड करावी लागली.

या तीन शहरांत कल्पकतेची वाण कधीच नव्हती. फाळणीनंतर निर्वासित म्हणून आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी छावणीत उद्योगनगरी उभी केली. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', या विनोदात थट्टेइतकीच त्यांच्या हुन्नराची कबुली आहे. अंबरनाथलाच संरक्षण खात्याच्या नौदल प्रयोगशाळेत पाणबुडीसाठी इंधन-विद्युतघट विकसित झाला. राज्यसंस्थेने मनावर घेतले की विज्ञान येथेही रुजते, याचा हा पुरावा होय.

मग दहा-वीस कामगारांच्या रसायन कारखान्याला त्याची प्रक्रिया कमी पाण्यात, कमी विषारी कशी करावी हे सांगणारी सार्वजनिक प्रयोगशाळा का नसावी? 1974 च्याच तेल उद्योग (विकास) कायद्याने कच्च्या तेलावर उपकर बसला. त्याचा बहुतांश भाग सरकारी तिजोरीत राहिला. त्यातील अल्पसा वाटा या कामासाठी मागणे ही याचना नव्हे, हक्क आहे. तिच्या कारभारात कारखानदाराबरोबर कामगाराला आणि नदीकाठच्या रहिवाशालाही जागा हवी.

तेलाचा साठा केव्हातरी आटणारच आहे. तो आटल्यावर या शहरांपाशी ज्ञान उरणार की नुसते नासलेले पाणी, याचा निर्णय तेलाच्या प्रतीने नव्हे, लोकांच्या संघटित मागणीने व्हायचा आहे.