पुस्तिकेचीही प्रतिष्ठापना
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



गणपतीला आपण विद्येची देवता म्हणतो, पण तो लेखनिकही आहे. व्यासांनी महाभारत सांगायचे आणि गणपतीने लिहायचे असे ठरले, तेव्हा गणपतीने अट घातली की मध्ये थांबायचे नाही. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचे सार या दुसऱ्या अटीत आहे. विषय आहे मुक्त सॉफ्टवेअरची माहिती-पुस्तिका. ती कशी तयार होते, संगणकात कुठे बसते आणि तिथे आपल्या मराठीची जागा कोणती, हे पाहू.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर कोणालाही वापरता यावे, आतून पाहता यावे, बदलता यावे आणि दुसऱ्याला देता यावे, हा त्यामागचा विचार. १९९१ मध्ये लिनक्स आले. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. स्टॉलमन यांचा आणखी एक आग्रह होता: सॉफ्टवेअर मुक्त असेल तर त्याची पुस्तिकाही मुक्त हवी. कारण सरळ आहे. प्रोग्राम बदलला आणि पुस्तिका बदलता आली नाही, तर पुस्तिका खोटी ठरते.

खोटी ठरलेली पुस्तिका म्हणजे काय, हे आम्हा सरकारी नोकरांना वेगळे सांगायला नको. नियम बदलतो, परिपत्रक येते, मागून शुद्धिपत्रक येते, पण टेबलावर जुनीच पुस्तिका पडून असते. ती वाचून कागदपत्रे गोळा करून आलेला माणूस हेलपाटा घालून परत जातो.

संगणकवाल्यांनी यावर एक उपाय शोधला आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचा प्रोग्राम लिहिला. कोणती वस्तू कशापासून आणि कोणत्या कृतीने बनते, याची यादी त्याला द्यायची. तो प्रत्येक फाइलची वेळ पाहतो आणि जे बदलले असेल, त्यावर अवलंबून असलेलेच पुन्हा बनवतो. मोदकांचे सारण बिघडले तर सारण पुन्हा करायचे आणि मोदक पुन्हा भरायचे. तांदळाची पिठी पुन्हा दळायला बसायचे नाही. तसेच हे.

चांगल्या प्रकल्पात पुस्तिकेचा मजकूर प्रोग्रामच्या शेजारीच, त्याच संग्रहात ठेवलेला असतो. एकाच साध्या मजकुरातून पडद्यावर वाचायचे पान आणि छापायची पीडीएफ, दोन्ही निघतात. मग 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा दिली की प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागी जाते: प्रोग्राम 'बिन' या कप्प्यात, पुस्तिकेची पाने 'शेअर'मधल्या 'मॅन' कप्प्यात, भाषांतरित वाक्ये 'लोकेल' कप्प्यात. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे: प्रतिष्ठापना. मूर्ती घरी आणली पण चौरंगावर बसवलीच नाही, तर पूजा कुठे करणार? कधी कधी वेळ वाचवण्यासाठी पुस्तिका बनवण्याची पायरीच बंद ठेवली जाते. प्रोग्राम चालतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते अडलेल्या माणसाच्या, जेव्हा तो 'मदत' दाबतो आणि समोर काहीच येत नाही.

आता मराठीकडे वळू. त्या 'लोकेल' कप्प्यात प्रत्येक भाषेचे घर असते. आपल्या घराचे नाव 'एमआर', आणि पूर्ण नाव 'एमआर-आयएन', म्हणजे मराठी, भारत. त्यात राज्याचे नाव नाही. १९५६ च्या पुनर्रचनेत गोंदियासह भंडारा जिल्हा तिकडे गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. पण संगणकाच्या त्या कप्प्याला ही सीमा ठाऊक नाही. तिथे वैनगंगाकाठच्या बालाघाटकराचा हक्क पुणेकराइतकाच आहे.

जागा राखलेली आहे, पण ती भरावी लागते. भाषांतराच्या फाइलीत मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याखाली मराठी वाक्य असते. मूळ वाक्य पुढे बदलले की जुन्या मराठी वाक्यावर 'संदिग्ध' असा शेरा पडतो. कोणी ते तपासून शेरा काढेपर्यंत ते वाक्य वगळले जाते आणि पडद्यावर इंग्रजी दिसते. अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही, ही व्यासांचीच अट! म्हणून पडद्यावर अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी दिसले तर यंत्राला दोष देऊ नये. ज्या वाक्यांकडे आपल्यापैकी कोणी वळून पाहिले नाही, ती ही वाक्ये.

काम झालेच नाही असे नाही. पुण्यातील रेड हॅट कंपनीच्या लोकांनी आणि स्वयंसेवकांनी 'ग्नोम'चे मराठीकरण केले. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीत मिळतात. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजात दिले आहेत. पण प्रोग्राम दर वर्षी बदलतात, त्यामुळे हे काम एकदा करून संपत नाही.

आपल्या घरांत मराठी, कार्यालयात हिंदी आणि मुलांच्या कॉलेजात इंग्रजी. तिन्ही भाषांत वावरणारी माणसेच या कामाला हवी असतात. आमची मंडळाला सूचना आहे की महिन्यातल्या एका रविवारी चार तरुण आणि एक-दोन आजी-आजोबा एकत्र बसावेत. एकच प्रोग्राम घ्यावा आणि दहाच वाक्ये तपासावीत. हिंदीत 'सहेजें' म्हणतात तिथे आपण 'जतन करा' म्हणतो. असा शब्द मुलांना पटकन आठवणार नाही, पण आजीच्या तोंडी तो असतोच.

आपली मुले देवनागरी शिकतात ती हिंदीतून. मराठी त्यांच्या कानावर पडते, हातात येत नाही. जी भाषा कामाची राहत नाही ती हळूहळू सणापुरती उरते. आपल्या मराठीचे तसे होऊ नये, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!