उपचार संपल्यावर सांधे दुखू लागले तर



मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले, त्या काळी कर्करोग म्हणजे शेवटच, अशी समजूत होती. आज रक्ताच्या कर्करोगातून बरी झालेली कितीतरी मुले पुन्हा शाळेत येऊन बसतात. अशा मुलांविषयी, पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुरुळीसारख्या गावांतील गुरुजींशी आणि घरच्या मंडळींशी मला दोन शब्द बोलायचे आहेत.

उपचार चालू असताना किंवा संपल्यावर काही महिन्यांनी मूल लंगडू लागते. त्याला मांडी घालून बसवत नाही. आपण म्हणतो, कवायत चुकवायचे निमित्त! पण तसे नसते बरे का. या रोगात केमोथेरपीबरोबर स्टिरॉइड जातीची औषधे द्यावी लागतात. ती जरुरीचीच असतात. पण काही मुलांत त्यांमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. पाटाचे पाणी तुटले की वाफ्यातले पीक वाळते, तसे तेथले हाड मरते आणि पुढे भाराखाली खचते. दहा वर्षांवरील मुलांत हा धोका अधिक. खुब्याचे दुखणे कधी गुडघ्यातही जाणवते. आरंभी साध्या एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. हाड खचण्यापूर्वी कळले, तर सांधा वाचवण्याची संधी अधिक.

मोठ्यांनीही हे ऐकावे. स्तनाच्या कर्करोगावरील केमोथेरपीने काही बायकांची पाळी लवकर जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. पुढे ज्या हार्मोनविरोधी गोळ्या देतात, त्यांतल्या काहींनी सकाळी बोटे आखडतात. ‘वात असेल’ म्हणून सोसू नये, आणि आपल्या मनाने गोळ्या बंदही करू नयेत. डॉक्टरांना सांगावे, गोळी बदलून देता येते.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवा. दुखरा सांधा हाडवैद्याकडून ओढून-चोळून घेऊ नका. डॉक्टरांकडे जाताना उपचारांचे सगळे कागद बरोबर न्या. नवे दुखणे म्हणजे रोग उलटलाच असे नव्हे. पण ते तपासून घेतलेच पाहिजे. पाठ दुखून पायांतले बळ गेले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणि गुरुजी, मूल लंगडताना दिसले तर त्याला रागावू नका. कवायतीच्या तासाला हजेरीचे काम द्या, आणि त्याच संध्याकाळी घरी निरोप धाडा.