फोटोत नसलेली माणसं



संयोजकांचा फोन आला तेव्हा हुकूम असा होता की, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल.’ मी म्हटलं, एआयवर हल्ली कुणीही माझ्यापेक्षा चांगलं बोलतं, मला फोटोंवर बोलू दे. बावीस वर्षं मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितेय आणि जवळजवळ तेवढीच वर्षं सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून फिरतेय. पहिल्याबद्दल नातेवाईक काही विचारत नाहीत. दुसऱ्यामुळे प्रत्येक लग्नात मी शेवटच्या पंगतीला जेवते.

याची सुरुवात आपल्या शाळेतच झाली. आठवीत विज्ञानाच्या सरांनी बुटाच्या खोक्याला सुईने भोक पाडून, मागे तेलाचा कागद लावून कॅमेरा करायला लावला होता. पुस्तकात त्याला ‘सूचिछिद्र प्रतिमाग्राहक’ म्हणत. ते नाव पाठ करायला कॅमेरा करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. त्या कागदावर पटांगणातला ध्वजस्तंभ उलटा दिसला आणि त्याच्याभोवती आपली मुलं डोक्यावर चालत होती. सर, आज तुम्ही समोर बसलाय म्हणून सांगते, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत इतकं थक्क करणारं काही मी पाहिलं नाही.

घरी बाबांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. १२० चा रोल घातला की मोजून बारा फोटो. बाबा एसटीत होते. गणपतीत घातलेला रोल ते संक्रांतीपर्यंत पुरवत. त्या कॅमेऱ्यात करण्यासारखं फारसं काही नव्हतं, ऊन आहे की ढग एवढं ठरवायचं. पण सूर्य आपल्या पाठीशी असला पाहिजे, हा नियम बाबा देवाच्या नेमासारखा पाळत. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये सगळं घर डोळे बारीक करून उभं आहे.

बाबा २०१४ साली गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधायला बसलो, तर दोनेकशे फोटोंत बाबा कुठेच नाहीत. असणार कसे? सगळे त्यांनीच काढलेले. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात ते बाबांसारखे नाही, महामंडळाच्या कर्मचाऱ्यासारखे दिसतात. आम्ही शोधाशोध करत होतो तेव्हा आई शांतपणे अल्बम चाळत होती. मेणवलीच्या घाटावरचा एक फोटो तिने माझ्यापुढे धरला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘हे काय, इथे आहेत की.’ संध्याकाळचं ऊन होतं, सूर्य नियमाप्रमाणे पाठीशी. आमच्या पायांपर्यंत एक लांब सावली आली होती. दोन्ही हात तोंडाशी, कोपरं बाहेर. मग आम्ही सगळे अल्बम पुन्हा पाहिले. सात फोटोंत बाबांची सावली निघाली. त्यातला एक आईने कपाटात साड्यांखाली ठेवलाय. हार घातलेल्या फोटोला ती उदबत्ती लावते. कपाट मात्र दिवसातून चार वेळा उघडते.

तेव्हापासून मला खोड लागली. कुठलाही फोटो पाहिला की त्यात नसलेली माणसं मी शोधते. फोटो कुणी काढला? ‘आलेच हं, चहाचं बघते’ म्हणून कोण बाजूला झालं? घरोघरच्या अल्बममध्ये ही बाजूला झालेली बाई अर्धी दिसते, पाठमोरी किंवा नुसता पदर.

होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म नवसारीचा, १९१३ चा. मुंबईत जे. जे. मध्ये शिकल्या. स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली आपल्या डोळ्यांपुढे येते त्यात त्यांनी टिपलेले कितीतरी क्षण आहेत. पण सुरुवातीचे त्यांचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने. पुढे त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव घेतलं. पद्मविभूषण मिळालं तेव्हा २०११ साल उजाडलं होतं, त्या सत्याण्णव वर्षांच्या होत्या. मला या बाई आवडतात, कारण १९७० च्या सुमाराला, ऐन नावारूपाला आलेल्या असताना, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. मला ते जमायचं नाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं, दोनच मिनिटं. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात जो सेन्सर असतो, त्यावरचा प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो. लाल, हिरवा किंवा निळा. बाकीचे दोन रंग त्याला ठाऊकच नसतात. ते शेजारच्या ठिपक्यांकडे पाहून, गणित करून भरले जातात. या मांडणीचं पेटंट कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली झालं. (त्याच्या आदल्या वर्षी पहिला डिजिटल कॅमेराही कोडॅकमध्येच तयार झाला होता, आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्जही कोडॅकनेच केला. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.) म्हणजे फोटोतला दोन तृतीयांश रंग शेजाऱ्यांना विचारून ठरवलेला असतो.

हे मला कॉलेजपासून माहीत होतं. समजलं दादामुळे. बाबा गेल्यावर वाईच्या घरावरून माझं आणि दादाचं बिनसलं. कोण बरोबर, कोण चूक, ते इथे नको. दोन वर्षं आम्ही आईच्या मार्फत बोलत होतो. तिचे हाल झाले. त्याच काळात मी बाबांच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या. एका फोटोत आम्ही दोघं कृष्णेच्या घाटावर, मी पाच वर्षांची, तो आठ. काळापांढरा फोटो, माझा फ्रॉक करडा. मी काही न लिहिता तो दादाला पाठवला. रात्री साडेअकराला उत्तर आलं, ‘पिवळा होता तो फ्रॉक. त्यावर माझी कुल्फी सांडली आणि मार मला बसला.’ मला ना कुल्फी आठवत होती, ना मार. पिवळा तर अजिबात नाही. मी दुसरा पाठवला. मग तिसरा. दोन वाजले. घराचा प्रश्न अजून तसाच आहे, वकीलही तेच आहेत. पण परवा त्याच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो मी काढले, आणि मधेच त्याने कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला, म्हणाला, ‘जा, आईशेजारी उभी राहा.’ फोटो हललेला आलाय. मी तो पुसलेला नाही.

आता आपल्या वर्गाकडे येते. दहावीच्या निरोपाच्या दिवशी काढलेला ग्रुप फोटो तुम्हा सगळ्यांकडे असेल. ग्रुपवर तो दर पंधरा दिवसांनी कुणीतरी टाकतंच. त्यात मुलंमुली एक्कावन्न आहेत. वर्गाचा पट अठ्ठावन्नचा होता. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तिघी मैत्रिणी ते सात जण शोधत होतो. एकीचं लग्न परीक्षेआधीच ठरलं होतं, तिला त्या दिवशी पाठवलं नाही. दोघं भिलारला स्ट्रॉबेरीच्या तोडणीला गेले होते. ऐन हंगाम, रोजगार बुडवणं परवडणारं नव्हतं. एकाकडे पांढरा शर्ट धड नव्हता, म्हणून तो फाटकापर्यंत येऊन परत गेला. मागच्या महिन्यात फोनवर त्याने हे हसत हसत सांगितलं. मला काही हसता आलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी तो फोटो पाहतेय, आणि फाटक त्या फोटोच्या चौकटीपासून हातभर अंतरावर आहे.

एक जण आता आपल्यात नाही. दोघांचा पत्ता अजून लागलेला नाही. त्यांची नावं मी बाहेरच्या फळ्यावर लिहून ठेवलीत, कुणाला काही माहिती असेल तर खाली नंबर लिहा. उरलेल्या चौघांपैकी तिघं आज आलेत. नावं घेत नाही, ते मघापासून शेवटच्या बाकावर बसलेत.

तर एकच विनंती. चार वाजता ऊन जरा उतरेल, तेव्हा सगळ्यांनी पायऱ्यांवर यायचं. या वेळी उंचीप्रमाणे रांगा नाहीत. ते तिघं मधे, सर आणि बाईंच्या शेजारी बसतील. स्वयंपाकघरातल्या मावशींनाही बोलवा, आणि मंडपवाल्या दादांनाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावलाय. टायमर दहाऐवजी वीस सेकंदांचा ठेवलाय, कारण बटण दाबून मला पायऱ्यांपर्यंत पोचायचंय आणि माझे गुडघे आता दहावीतले नाहीत. डाव्या टोकाला माझ्यापुरती जागा ठेवा.