चंद्रावर जाणाऱ्यांची यादी
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आपल्या शिबिरात चंद्राचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण माणूस चंद्रावर पोचण्याच्या शंभर वर्षं आधीपासून लेखक त्या प्रवासाची स्वप्नं रंगवत होते. त्या स्वप्नांत बाई कुठे होती, एवढंच आज पाहू या.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांची कादंबरी १८६५ची. फ्लोरिडात जमिनीतच ९०० फूट लांबीची तोफ ओतली जाते आणि तिच्यातून पोकळ गोळा चंद्राकडे सुटतो. वेग किती हवा, आतली हवा शुद्ध कशी ठेवायची, सगळ्याचा हिशेब लेखकानं मांडला आहे. आणि प्रवासी? तीन पुरुष, एक कुत्रा, एक कुत्री, एक कोंबडा आणि काही कोंबड्या. म्हणजे कुत्री चालली, कोंबडी चालली. बाई कोणाला आठवलीच नाही.

१९०१ साली एच. जी. वेल्स यांनी गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ कल्पिला. त्याच्या जोरावर चंद्रावर गेले तेही दोन पुरुषच. गुरुत्वाकर्षण ओलांडणाऱ्या कल्पनेला घरची चौकट मात्र ओलांडता आली नाही.

१९२९ साली ‘वुमन इन द मून’ हा जर्मन मूकपट आला. कथा-पटकथा थेआ फॉन हार्बू या लेखिकेची. इथे फ्रीडे ही बाई यानात आहे, तीही कामाची सहकारी म्हणून. शेवटी प्राणवायू अपुरा पडतो, तेव्हा आवडत्या पुरुषासाठी ती चंद्रावरच राहते. निर्णय तिचा, पण कथा पुन्हा प्रेमाच्या त्यागाशीच येऊन थांबते. याच लेखिकेनं पुढे नाझी राजवटीत चित्रपटांसाठी काम केलं. तेव्हा लेखणी बाईच्या हाती आली म्हणजे सगळं झालं, असंही नाही.

ही केवळ गोष्टींची गोष्ट नाही. व्हॅलेंटिना तेरेश्कोवा १९६३ साली अंतराळात जाऊन आली. तरी १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर चाललेले बाराही जण पुरुष. मार्च २०१९मध्ये दोन स्त्रिया मिळून यानाबाहेर काम करणार होत्या. पण दोघींना हव्या त्या मापाचा पोशाख एकच तयार होता. बेत बदलावा लागला आणि दोन स्त्रियांची जोडी बाहेर पडली ती ऑक्टोबरमध्ये.

जिची कल्पनाच केलेली नाही, तिच्या मापाचं कोण शिवणार? म्हणून कुठलीही योजना समोर आली की यंत्राच्या आधी प्रवाशांची यादी मागू या. आणि आपलं माप आपणच सांगू या.