मागे राहिलेले खाते



शाळेच्या कचेरीत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाला तीत एक क्रमांक मिळतो. मूल दाखला घेऊन निघून जाते. परंतु त्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणास देत नाहीत. दिला, तर वीस वर्षांनी दाखल्याची दुसरी प्रत मागावयास आलेल्या गृहस्थाच्या हाती भलत्याचीच जन्मतारीख पडावयाची! हा साधा नियम लिनक्स प्रणालीच्या संगणकालाही लागू आहे.

लिनक्सवर बहुतेक सेवा आपापल्या स्वतंत्र खात्याच्या नावे चालतात. डेबियनवर पोस्टग्रेस हे माहिती साठविण्याचे सॉफ्टवेअर बसविले, की त्याचे पॅकेज 'पोस्टग्रेस' नावाचे खाते आपणच उघडते. हे खाते कोणा माणसाचे नव्हे. त्या सेवेत चोर शिरलाच, तर त्याच्या हाती तेवढ्यापुरतेच सामान लागावे, सर्वाधिकारी 'रूट'ची सत्ता मिळू नये, हा त्यातील हेतू. अशा खात्यांना डेबियन 100 ते 999 यांमधील मोकळा क्रमांक देते.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. फाईलवर मालकाचे नाव नसते. असतो तो केवळ क्रमांक. नाव दिसते ते खात्यांच्या यादीत पाहून.

समजा, पोस्टग्रेसचा क्रमांक 112 आहे. पुढे ते पॅकेज काढले आणि टापटिपीच्या हौसेने खातेही पुसले. परंतु दुसऱ्या डिस्कवर मुलांच्या गुणपत्रकांच्या प्रती राहून गेल्या. त्यांवर 112 हा आकडा तसाच आहे. सहा महिन्यांनी दुसरे पॅकेज बसविले आणि मोकळा झालेला 112 त्याला मिळाला. त्या क्षणी ती गुणपत्रके त्या नवख्याच्या मालकीची झाली! कोणी कुलूप फोडले नाही, की कोणी परवानगी दिली नाही.

म्हणूनच फेडोराच्या नियमांत, पॅकेज काढताना त्याचे खाते काढू नये, असे सांगितले आहे. मागे कोठे काय उरले, हे खात्रीने जाणण्याचे साधन पॅकेजजवळ नसते.

कोणी म्हणेल, मग दार उघडेच राहिले की! तसे नाही. खाते कुलूपबंद करावे व त्याचे शेल 'नोलॉगिन' ठेवावे. म्हणजे त्या नावाने आत येता येत नाही, आणि क्रमांक मात्र अडलेला राहतो. यादी फुगेल ही भीतीही व्यर्थ आहे. 100 ते 999 म्हणजे नऊशे जागा आहेत.

पुसावयाचेच असेल, तर आधी 'फाइंड' या आज्ञेने त्या खात्याच्या सर्व फाईली शोधाव्यात, आणि काढून ठेवलेल्या डिस्काही जोडून पाहाव्यात. खाते पूर्वीच पुसले गेले असल्यास त्याच आज्ञेला 'नोयूजर' ही अट जोडावी. बेवारशी फाईली समोर येतात. त्यांना नवा मालक मिळण्यापूर्वी आपण त्यांची व्यवस्था लावावी, हे बरे.