इस्लामी बँकिंग : समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



'इस्लामी बँक' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक म्हणतो, "तिथे म्हणे फुकट कर्ज मिळते!" दुसरा म्हणतो, "यामागे काही तरी कारस्थान आहे." मात्र ही बँक चालते कशी, असे विचारले की दोघेही गप्प होतात. मुस्लीम समाजातही 'व्याज निषिद्ध आहे' हे सर्वांना ठाऊक असते; त्याच्या जागी नेमकी कोणती व्यवस्था सांगितली आहे, हे समजावून देणारे थोडेच भेटतात. ज्या विषयात भावना तीव्र आणि माहिती अपुरी असते, तिथे सामान्य माणूस फसतो. म्हणून आज हा विषय निवडला.

व्याजाविषयीची सावधगिरी आपल्यालाही अपरिचित नाही. मुद्दलापेक्षा अधिक व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही, हा 'दामदुपटी'चा नियम आपल्या धर्मशास्त्राने घालून दिला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, त्यातून १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला. म्हणजे कर्जदाराच्या पिळवणुकीचा प्रश्न साऱ्या मानवसमाजाचा आहे. आपल्या परंपरेने व्याजाला मर्यादा घातली, इस्लामने ते सरसकट निषिद्ध मानले. फरक आहे तो इथे.

आता या बँकेची रीत पाहू. समजा, तुम्हाला १० लाखांची मोटार हवी आहे. नेहमीची बँक तुम्हाला पैसे देते आणि त्यावर व्याज घेते. इस्लामी बँक ती मोटार स्वतः विकत घेते आणि नफा मिळवून, समजा १२ लाखांना, तुम्हाला हप्त्यांनी विकते. याला 'मुराबहा' म्हणतात. 'मुदारबा'मध्ये बँक भांडवल देते, उद्योजक श्रम देतो. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो आणि तोटा भांडवल देणाऱ्याच्या पदरी पडतो. 'इजारा' म्हणजे भाडेकरार. मद्य, जुगार यांसारख्या व्यवसायांत पैसा गुंतवता येत नाही. म्हणजेच येथे फुकट काही नाही. 'मुराबहा' हे नाव बदललेले व्याजच आहे, अशी टीका खुद्द मुस्लीम अभ्यासकांनीही केली आहे. याउलट, वस्तूची मालकी आणि जोखीम काही काळ तरी बँकेकडे असते, असे समर्थक सांगतात.

ही व्यवस्था फार जुनीही नाही. १९६३ मध्ये इजिप्तमधील मित घम्र या गावी अहमद अल-नज्जार यांनी अशी बचत बँक काढली. १९७५ मध्ये दुबई इस्लामिक बँक सुरू झाली. मलेशियाने १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तिथे बिगरमुस्लीमही या बँकांचे ग्राहक आहेत. ब्रिटनने २०१४ मध्ये २० कोटी पौंडांचे 'सुकूक' रोखे काढले. लंडनला त्यात आर्थिक लाभ दिसला.

भारतात काय घडले? २००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले. केरळमध्ये राज्य सरकारच्या उद्योग विकास महामंडळाने अशा एका वित्त कंपनीत ११ टक्के भाग घेण्याचे ठरवले, तेव्हा डॉ. सुब्रमण्यम स्वामी उच्च न्यायालयात गेले. २०११ मध्ये याचिका फेटाळली गेली. २०१६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी योजनेचा छोटा प्रयोग केला. २०१७ मध्ये मात्र रिझर्व्ह बँकेने हा विषय पुढे न नेण्याचे ठरवले. बँकिंग सेवा सर्व नागरिकांना समान उपलब्ध आहेत, हे त्यामागचे कारण होते. कायद्याची अडचणही खरी आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, आणि 'मुराबहा' तर त्यावरच उभा आहे.

धर्माच्या आधारे वेगळे नियम असावेत का, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. माझे उत्तर 'नसावेत' असे आहे. पण तो प्रश्न अभ्यासाने विचारावा, अफवेने नव्हे.

कारण अज्ञानाची किंमत कोणी मोजली? २०१९ च्या जूनमध्ये बेंगळुरूची आय मॉनेटरी अॅडव्हायझरी ही कंपनी कोसळली. 'हलाल' गुंतवणुकीच्या नावाखाली तिने हजारो लोकांकडून पैसा गोळा केला होता. बहुतेक गुंतवणूकदार मुस्लीम होते. कोणी निवृत्तीची रक्कम घातली होती, कोणी मुलीच्या लग्नासाठी साठवलेले पैसे. ती बँक नव्हती. गुंतवणूकदारांना कागदोपत्री भागीदार करून घेतले होते, त्यामुळे बँकेतील ठेवींना मिळणारे विम्याचे संरक्षण त्यांना नव्हते. त्यांची श्रद्धा खरी होती, कागद मात्र कोणी वाचले नव्हते. आपल्याकडेही देवाधर्माचे नाव सांगून दामदुप्पट देणाऱ्या योजना येतात, तेव्हा आपण तरी कागद कुठे वाचतो?

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. पैसा ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्न विचारावेत : या संस्थेवर देखरेख कोणाची? तोटा झाला तर तो कोणाचा? आणि माझ्या ठेवीला विमा आहे का? आज बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. हे तीन प्रश्न आपल्या घरात पोहोचवा आणि शेजारच्या मुस्लीम कुटुंबापर्यंतही. त्यांची बुडालेली पुंजी ही या देशाचीच पुंजी आहे.